फ्लॉराबाईंची गाडी

स्नेलबी गावात कोणी थाप मारली की लोक विचारत, "काय रे, फ्लॉराच्या गाडीने आलास वाटतं?" हातभर मासा गळाला लागून सुटला म्हणणाऱ्याला विचारत, उशिरा घरी येणाऱ्या नवऱ्याला विचारत, आणि वही कुत्र्याने खाल्ली म्हणणाऱ्या पोराला तर सगळा वर्ग एका सुरात विचारी. लायोनेल स्पर्जनने स्वतः एकोणीस वर्षांत हे पन्नासदा तरी विचारलं असेल. ज्यांच्या नावावर ही म्हण पडली त्या फ्लॉरा गेडनीबाई गावाच्या टोकाला जुन्या स्टेशनातच राहतात, आणि ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे कान चांगले शाबूत आहेत, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

लायोनेल पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन इथे आला, म्हणजे गावाच्या हिशेबाने नवाच. स्नेलबीत माणूस साधारण तिसऱ्या पिढीत जुना होतो. वेळ जायला हवा म्हणून त्याने गावच्या बंद पडलेल्या रेल्वेचा इतिहास लिहायला घेतला, आणि बघता बघता ते त्याच्या मानगुटीवर बसलं. स्नेलबी ते टॉफ्टन, साडेसात मैल. इंजिन एक, डबे दोन, दिवसातून दोन फेऱ्या. स्नेलबीचा स्टेशनमास्तर अँब्रोज गेडनी स्वतःच तिकीट विकायचा आणि मग टोपी बदलून फाटकात उभा राहून तेच तिकीट संशयाने तपासायचा.

"आमच्या लग्नाची तारीख विचारा ह्याला," लायोनेलची बायको बेरिल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "डोकं खाजवील. पण त्या इंजिनाचा बॉयलर कधी बदलला, ते झोपेत सांगेल."

शेवटच्या गाडीबद्दल मात्र कुणाचंच दुमत नव्हतं. बारा सप्टेंबर १९३१, शनिवार. त्या दिवशी बँड वाजला, चहापाणी झालं, पाद्रीबाबांनी देवाचे आभार मानले, बायका रडल्या, आणि 'सेवेच्या अखेरच्या दिवसाची आठवण' असं कोरलेलं एक घड्याळ गावाने अँब्रोजला भेट दिलं. या घटनेला आता साठ वर्षं होणार म्हणून ग्रामसभेने स्टेशनच्या भिंतीत एक दगड बसवायचं ठरवलं. दगड कोरून तयार होता. भाषण लायोनेल करणार होता आणि त्याचं पुस्तकही त्याच दिवशी विक्रीला यायचं होतं.

तीन आठवडे राहिले असताना लायोनेल जिल्ह्याच्या दप्तरखान्यात गेला. इंजिनाला कोळसा कुठल्या खाणीचा लागे, हा एकच मुद्दा राहिला होता. हा मुद्दा जगात दुसऱ्या कोणालाही नको होता, हे वेगळं सांगायला नको. त्यासाठी त्याने ड्रायव्हरची रोजनिशी मागवली. बारा सप्टेंबरचं पान वाचून त्याने हळहळत पान उलटलं, आणि पुढचं पान कोरं नव्हतं.

'सोमवार, १४ सप्टेंबर. गाडी वेळेवर. दूध – नऊ कॅन. प्रवासी – कोणी नाही.'

मंगळवार तसाच. बुधवारही तसाच. लायोनेलला आधी वाटलं, ड्रायव्हर पीत असावा. पण पिणाऱ्या माणसाचं अक्षर इतकं नीट नसतं. पानामागून पानं, गाडी वेळेवर, दुधाचे कॅन आणि कोणी नाही. हे थेट १२ नोव्हेंबर १९३२ पर्यंत. चौदा महिने! फक्त दर गुरुवारी, आणि त्या अगदी शेवटच्या दिवशी, त्याच नीटस अक्षरात लिहिलेलं होतं: 'प्रवासी – एक.'

एवढी वर्षं खपून लिहिलेल्या पुस्तकाचा शेवटच खोटा होता. त्याच फायलीत कंपनीचं एक पत्रही सापडलं: मार्ग बंद करण्याची जाहीर नोटीस काढायची राहून गेली आहे, ती कायद्याप्रमाणे निघून मुदत संपेपर्यंत गाडी चालू ठेवावी.

परतताना त्याने मोटार घराकडे न वळवता सरळ स्टेशनकडे घातली.

फ्लॉराबाईंनी दार उघडलं, त्याच्या हातातल्या कागदांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आलात का! मला वाटलं, मी गेल्यावरच येणार. पाय पुसा."

चहा आला, ओव्याचा केक आला. लायोनेलने घसा साफ केला. "गेडनीबाई, गुरुवारचा तो एक प्रवासी..."

"मीच ती."

"पण मग बाकीचं गाव?"

"त्या शनिवारी मला गालगुंड झालं होतं," फ्लॉराबाई म्हणाल्या. "बावीस वर्षांची घोडी मी, आणि गालगुंड! गळ्याला फडकं बांधून खिडकीत बसले होते. बँड ऐकला, रडारड ऐकली. आणि सोमवारी सकाळी गाडीची शिटी झाली."

"मग लोक धावले असतील!"

"धावतील कसे? शनिवारी गळे काढून निरोप दिलेला. पाद्रीबाबांनी थेट देवाला कळवलेलं. सोमवारी कुठल्या तोंडाने तिकीट मागायचं? पहिला कोण चढणार, यावर सगळं अडलं. जो तो दुसऱ्याची वाट बघत राहिला, आणि एकदा पहिला आठवडा तसा गेला की दुसरा जातोच. नंतर तर चढणं म्हणजे, पहिल्या आठवड्यात आपण मूर्खपणा केला असं कबूल करणं. मग गाडी नाहीच, असं ठरलं. कोणी ठरवलं नाही हं. आपोआप ठरलं. फाटक बंद झालं की लोक थांबायचे, पण कुंपणाकडे बघत. प्रार्थनेत शिटी वाजली की पाद्रीबाबा जरा थांबायचे आणि पुढचं वाक्य म्हणायचे. आणि बाजाराला सगळे चालत. साडेसात मैल, पावसात, डोक्यावर कोंबड्यांच्या पाट्या. शेजारून रिकामी गाडी."

"आणि दूध?"

"दुधाच्या कॅनांनी कुठे निरोप घेतला होता?"

लायोनेलला हसू फुटलं, पण बाईंचा चेहरा बघून त्याने ते केकबरोबर गिळलं.

"मीही घेतला नव्हता," त्या म्हणाल्या. "मला हक्क होता. टॉफ्टनला माझी बहीण होती, दर गुरुवारी जायची. परत येताना चार-दहाला गाडी इथे लागायची. डब्यात मी एकटी. तरी अँब्रोज फलाटावर ताठ उभा राहून ओरडायचा, 'स्नेलबी! स्नेलबी! सर्वांनी उतरावं!' पंधरा-वीस गुरुवार झाले, आणि 'सर्वांनी' म्हणताना त्याला हसू यायला लागलं. मलाही. गाडीचा खरा शेवटचा दिवस शनिवार होता, पण मी मुद्दाम गेले. उतरले, तर म्हणतो, उद्यापासून मी हाक कोणाला मारू? म्हटलं, मलाच मार."

फडताळावर एक घड्याळ होतं. काटे बाराच्या ठोक्यावर थांबलेले.

"लग्नात कोणीतरी विचारलं, कुठे भेटलात? मी म्हटलं, गाडीत. सगळे आपापल्या कपात बघायला लागले. तेव्हापासून मी थापाडी. अँब्रोज काही बोलायचा नाही. ते घड्याळ शेवटच्या दिवसासाठी होतं ना? तो सोमवारी सकाळीच ते परत द्यायला कागदात गुंडाळून बसला होता. पण परत द्यायचं तर कोणीतरी विषय काढायला हवा. कोणीच काढला नाही. मेला तोवर त्याने त्याला एकदाही चावी दिली नाही."

लायोनेल म्हणाला, "मी दगड बदलायला लावतो."

"दगड घेऊन काय करू? डोक्यात घालून घेऊ?" बाई एकदम तडकल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "यांच्यातल्या एकाने, एकदा, माझ्याकडे बघून म्हणावं की गाडी होती. बस्स. नाहीतर मी मेले की माझं लग्नसुद्धा थापच ठरणार."

लायोनेलने त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला. शब्द देणं सोपं असतं.

ग्रामसभेचे अध्यक्ष अल्बन थर्कल एकोणऐंशीचे होते. १९३१ साली त्यांनी वडिलांच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवला होता. लायोनेलने त्यांना कांद्याच्या वाफ्यात गाठलं.

"मिस्टर थर्कल, १९३२ साली तुम्ही टॉफ्टनला कसे जायचात?"

"चालत," थर्कल म्हणाले. "या वर्षी कांद्यावर बुरशी फार आहे."

"पावसातही चालत?"

"चालणं तब्येतीला बरं."

"आणि शेजारून काही जात नव्हतं?"

थर्कलांनी एक कांदा उपटून त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "वारा असायचा."

"शिटी वाजवणारा?"

"आमच्याकडचा वारा जरा वेगळाच आहे. तुम्ही नवे आहात, कळेल हळूहळू."

"मी ड्रायव्हरची रोजनिशी बघितली आहे."

थर्कलांचा चेहरा कांद्यासारखाच लालसर झाला. ते इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "लायोनेल, दगड कोरून झालाय. कोरणारा माझ्या बायकोचा भाचा आहे, त्याला काय सांगू? आणि माझे वडील. ती धून वाजवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्या गावाने बघितलं. ते पाणी आता परत घ्यायचं?"

"आणि फ्लॉराबाईंनी आयुष्यभर थापाडी म्हणून घ्यायचं?"

"कांदे घेऊन जा थोडे," थर्कल म्हणाले आणि त्यांनी सहा कांदे त्याच्या हातात कोंबले.

भीड भिकेची बहीण म्हणतात. स्नेलबीत ती सगळ्यांची आई होती. लायोनेल पुढच्या तीन आठवड्यांत आणखी चार म्हाताऱ्यांना भेटला आणि प्रत्येकाकडून काही ना काही भाजी घेऊन परत आला. सगळीकडे अळीमिळी गुपचिळी. बेरिल म्हणाली, "इतिहास कधी संपेल तो संपो, पण भोपळे पुरे."

तरी त्याने भाषण खरंच लिहिलं. रोजनिशीतली पानं, कंपनीचं पत्र, चौदा महिने, सगळं. छापखान्याला पुस्तक थांबवायला सांगितलं. बारा सप्टेंबरला स्टेशनवर गर्दी झाली. पताका, नव्या पोरांचा बँड, चहाची भलीमोठी किटली. पुढच्या रांगेत फ्लॉराबाई, डोक्यावर हिरवी टोपी. थर्कल उठले आणि म्हणाले, "आता दोन शब्द बोलतील, आपला लायोनेल."

आपला! एकोणीस वर्षांत त्याला कोणी आपला म्हटलं नव्हतं. टाळ्या वाजल्या. लायोनेलने समोर बघितलं. सात-आठ म्हातारी तोंडं त्याच्याकडे लागली होती, शाळेत छडीची वाट बघत असल्यासारखी. त्याने कागद उघडला. त्याने तोंड उघडलं. आणि त्याच्या कानांनी त्याचाच आवाज ऐकला: "साठ वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी इथून शेवटची गाडी सुटली..."

फ्लॉराबाई सावकाश उठल्या. "मला जायला हवं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "माझी गाडी यायची वेळ झाली."

मागे कोणीतरी फिदी फिदी हसलं. म्हाताऱ्यांपैकी कोणी हसलं नाही. दगडावरचा पडदा सरकला, बँड वाजला, आणि लायोनेलच्या पाठीवर थापांचा नुसता पाऊस पडला. प्रत्येक थाप त्याला लागली.

रात्री जेवताना तो बेरिलला म्हणाला, "काय करणार, वेळच तशी नव्हती. पुढेमागे सांगणारच होतो."

बेरिलने बटाटे वाढता वाढता विचारलं, "फ्लॉराच्या गाडीने आलास का आज?"

लाजेने त्याचे कान तापले, आणि ती लाज निजल्यावरही गेली नाही. 'आपला' या एका शब्दावर तो विकला गेला होता.

दुसऱ्या दिवशी तो स्टेशनवर गेला. फ्लॉराबाईंनी दार उघडलं नाही. त्याने दाराशी लावलेल्या पत्र्याच्या टपालपेटीत चिठ्ठी टाकली: 'मी भित्रा आहे. पुस्तकात भिणार नाही.' उत्तर आलं नाही. मग वर्षभर तो टेबलाला चिकटून बसला. अकरावं प्रकरण त्याने सात वेळा लिहिलं. त्यात कोळसा नव्हता, बॉयलर नव्हता. 'चौदा महिने, एक प्रवासी' असं नाव, आणि रोजनिशीतला प्रत्येक गुरुवार तारखेसह.

ऑक्टोबर १९९२ मध्ये पुस्तक पोस्टात विक्रीला ठेवलं. दोनशे प्रती आठ दिवसांत संपल्या. आणि कोणी चकार शब्द काढला नाही. पाद्री म्हणाले, "कागद उत्तम आहे हं." थर्कल म्हणाले, "नकाशा मस्त आलाय." पोस्टातल्या मिसेस फोल्क्सने पुस्तक जाड असल्याचं कौतुक केलं. एवढंच झालं की, शाळेबाहेर एका पोराने 'फ्लॉराची गाडी' म्हटलं आणि त्याच्या आजोबांनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीत धपाटा घातला. का, ते सांगितलं नाही.

"बारा नोव्हेंबरला साठ वर्षं होतात," लायोनेल बेरिलला म्हणाला. "खरी. योगायोगाने गुरुवारच आहे. सगळ्यांना बोलवतो."

"बोलावलंस तर एक जण यायचा नाही," बेरिल म्हणाली. "गेल्या वर्षी एकदा समारंभ करून बसलेत. आता कुठल्या तोंडाने येतील? बावळटा, बोलवू नकोस. तसं छाप."

चर्चच्या मासिकात छापून आलं: 'गुरुवार, १२ नोव्हेंबर रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी जुन्या स्टेशनवर कोणताही समारंभ नाही. चहा मिळणार नाही.' त्याची एक प्रत लायोनेलने पत्र्याच्या पेटीत टाकली. या वेळी उत्तर आलं. फक्त एक शब्द: 'बरं.'

त्या दिवशी पावणेचारला लायोनेल आणि बेरिल फलाटावर पोचले. रूळ केव्हाच उखडलेले होते, त्या जागी गवत होतं. चिटपाखरू नव्हतं. मग वळणावरून अल्बन थर्कल आले. त्यांच्या हातात दोरी, दोरीला कुत्रा. थर्कल जन्मभर कुत्र्यांना घाबरत आलेले, त्यामुळे कुत्राच त्यांना फिरवत होता.

"फिरायला निघालो होतो," थर्कल म्हणाले. "शेजाऱ्याचा आहे."

मग पाद्री आले, कुत्रा घेऊन. जॉब टॉयन्टन नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ चाकांच्या खुर्चीत आले, मांडीवर कुत्रं. एकेक करत तीस-चाळीस माणसं जमली, सगळी योगायोगाने फिरायला निघालेली. गावात एवढे कुत्रे नव्हतेच, शेजारच्या गावातून उसने आणले होते म्हणे. मिसेस फोल्क्सला कुत्रा मिळालाच नाही, ती बोक्याला दोरी बांधून घेऊन आली होती. बोका अंग टाकून बसला होता. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सगळे हवेकडे बघत होते, आणि जुने लोक सवयीने कुंपणाकडे.

चार वाजून दहा मिनिटांनी फ्लॉराबाईंनी दार उघडलं. डोक्यावर हिरवी टोपी, हातात घड्याळ. त्या फलाटाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

कोणी हललं नाही. पहिला कोण चढणार, यावर पुन्हा एकदा सगळं अडलं. लायोनेलला वाटलं, आपण बोलावं. बेरिलने त्याच्या पायावर पाय दिला.

थर्कलांनी टोपी काढली. कुत्रा ओढत होता, त्यांनी दोरी सोडून दिली.

"फ्लॉरा," ते म्हणाले. आवाज फुटेना, म्हणून पुन्हा म्हणाले, "अगं फ्लॉरा. तू डावीकडच्या खिडकीत बसायचीस. हीच टोपी. मी रस्त्याने चालत असायचो. दर गुरुवारी बघायचो."



"एकदा तू मला हात केला होतास," जॉब टॉयन्टन खुर्चीतून म्हणाले. "गारा पडत होत्या. मी कुंपणाकडे बघितलं. साठ वर्षं ते कुंपण डोळ्यांपुढून जात नाही गं."

"माझ्या आईने सांगितलं होतं," मिसेस फोल्क्स बोक्याला उचलून घेत म्हणाली. "मरताना सांगितलं तिने. गाडी होती म्हणून."

"होती," थर्कल म्हणाले. "होती गाडी. वेळेवर असायची."

फ्लॉराबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि मग त्या एकदम डाफरल्या, "मग चढला का नाहीत रे मेल्यांनो? सबंध डबा रिकामा होता!"

पहिल्यांदा हसले ते थर्कल. मग सगळेच हसले, रडलेही, आणि गोंधळून कुत्रे भुंकायला लागले. त्या गलबल्यात फ्लॉराबाईंनी कोटाच्या खिशातून चावी काढली, घड्याळाच्या पाठीत घातली आणि सावकाश फिरवली. काटे चार-दहावर आणले. घड्याळ चालू झालं. अँब्रोजचा सेवेचा अखेरचा दिवस आज धरला जाणार होता.

मग त्या ताठ उभ्या राहिल्या, पाठीमागचं घराचं दार सताड उघडलं आणि नवऱ्याच्या सुरात ओरडल्या, "स्नेलबी! स्नेलबी! सर्वांनी उतरावं!"

चहा मिळणार नाही, असं छापलेलं होतं. आत टेबलावर चाळीस कप मांडून ठेवलेले होते, आणि ते कमी पडले.